तान्हेपणीचं गोंदण

माय, मी कॉलेजात आले आहे. हसू नको. परभणीचं मोठं कॉलेज आहे, फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला लिंबाचं झाड, त्याखाली सिमेंटचा बाक, त्यावर बसून नातीच्या वहीत लिहायला लागले आहे. तू मला तिसरीपर्यंत शाळेत धाडलंस, त्यातलं अर्धं शेळ्यांमागं गेलं, त्यामुळं अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतंय, पण येतंय. सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. पंचाहत्तरी उलटली की एसटीत तिकीट पडत नाही आता. हे तुझ्या वेळेला असतं तर तू महिन्यातून चारदा माझ्याकडं आली असतीस. फाटकावरच्या शिपायानं हटकलं, "आजी, कुणाकडं?" म्हटलं, "मानववंशशास्त्राकडं." त्याला तो शब्द धड म्हणता येईना, मला येतो, लय दिवस घोकलाय मी. त्यानं निमूट आत सोडलं आणि वर आपल्या थर्मासातला चहा दिला. साखर नको इतकी होती, पण नाही कशी म्हणू.

अकरा वाजता ह्याच फाटकातून एक जीप आत येणार आहे. तिच्यात तुझा नातू असेल, माझा एकुलता एक, आणि त्याच्या मंडळाची पाच-सात पोरं. इथं एक मॅडम आहेत, त्यांना जाब विचारायला ती येणार आहेत. काय करतील ते त्यांचं त्यांनाही माहीत नसेल. एकट्यानं कुणी एवढं करत नाही, पण जीपभर असली की करतात. म्हणून मी आधी येऊन बसले आहे. दोन तास हाताशी आहेत. नात वर मॅडमच्या खोलीत आहे, ती म्हणाली, "आजी, वर चल," मी म्हटलं, "मला झाडाखालीच बरं." खरं तर मला तुझ्याशी बोलायचं होतं. हे सगळं ज्या गोष्टीपायी झालं ती गोष्ट तुझी आहे, आणि तू मला ती कुणाला सांगू नको म्हणाली होतीस.

पहिल्यापासून सांगते. नात दुसऱ्या वर्षाला आहे, ताडकळसच्या अलीकडून, म्हणजे आमच्या गावाहून, रोज परभणीला ये-जा करते. यंदा तिनं हा मानववंशशास्त्राचा विषय घेतला. तिचा बाप म्हणाला, "ह्याच्यावर नोकरी लागती का?" ती म्हणाली, "पप्पा, ह्याच्यावर माणूस कळतो." तो म्हणाला, "माणूस कळायला कॉलेज कशाला? माझ्यासंग बाजारात चल." पण घेऊ दिला त्यानं. मनानं वाईट नाही गं तो, माझ्या गुडघ्याला तेल लावून देतो, परवापर्यंत देत होता. तर ही पोरगी संध्याकाळी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायची आणि मी समोर डाळ निवडत ऐकायची. सूप मांडीवर तसंच राहायचं, खडे डाळीतच. सुनेनं दोनदा तरी दाताखाली खडा आला म्हणून तोंड वाकडं केलं. काय करू, इतकं गोड मला कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं.

एक दिवस ती मोजपट्टी घेऊन माझ्या तोंडापुढं बसली. म्हणाली, "आजी, हलू नको, नाक मोजते." मी म्हटलं, "मोज की. नथीचं भोक धरून का सोडून?" ती हसून हसून लोळली. मग तिनं सांगितलं की पूर्वी साहेब लोक गावोगाव फिरून माणसांची नाकं मोजायचे, डोकी मोजायचे, आणि त्या मापावरून ठरवायचे, हा अमुक वंशाचा, तो तमुक वंशाचा, हा वरचा, तो खालचा. मॅडम म्हणतात ते सगळं शास्त्र खोटं निघालं. वंश म्हणून रक्तात काही लिहिलेलं नसतं. आपण कोण, हे आपल्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, आपण ते धरून चालतो आणि दुसरेही आपल्याला त्यावरून धरतात. माय, मला इतका आनंद झाला की मी सूप खाली ठेवलं. नात म्हणाली, "तुला काय झालं गं एवढं हसायला?" मी म्हटलं, "काही न्हाई, नाकाला गुदगुल्या झाल्या."

पण मग मॅडमनी घरचा तक्ता काढून आणायला सांगितला. बाप्यांसाठी त्रिकोण, बायांसाठी गोल, लग्नाला आडवी रेघ, लेकराला उभी. मी एक गोल. माझ्यापासून वर रेघ गेली, तिच्या टोकाला तू. नात म्हणाली, "आता तुझ्या मायची माय, तिची माय, जेवढं आठवतं तेवढं." मी सांगत गेले आणि ती पट्टी धरून रेघा ओढत गेली. इतक्या सरळ रेघा होत्या त्या, की मी मान खाली घालून डाळ चिवडायला लागले. तिचा बाप बाहेरून आला, तक्ता बघून खूश झाला. म्हणाला, "झ्याक! हे फ्लेक्सवर मोठं करून दारावर लावू. आपलं रक्त किती जुनं हाय ते कळू दे गावाला." मी डाळ घेऊन आत गेले.

त्याला हे रक्ताचं खूळ कुठून लागलं ते मला कळलं नाही. दोन-तीन वर्षं झाली, मोबाईलवर काहीबाही बघतो, मंडळाच्या पोरांत बसतो, त्यांच्यात वयानं थोरला, म्हणून ती त्याला पुढं करतात. मागच्या महिन्यात ह्या पोरांनी ठरवलं की आठवडी बाजारात ज्यानं त्यानं आपल्या लोकांकडूनच माल घ्यायचा. मुसलमानांनी बाजारात बसायचं नाही. बाजारात एक मनियारीण बसते, बांगड्या भरते, तीस वर्षं तिची जागा ठरलेली. माझ्या हातात आता काच नाही, नातीचे आजोबा म्हणजे माझे मालक जाऊन सोळा वर्षं झाली, तरी मी दर बाजाराला तिच्यापाशी टेकते. कधी नातीसाठी घेते, कधी सुनेसाठी, कधी नुसतीच बसते. त्या दिवशी गेले तर ती पेटारा बांधत होती. म्हणाली, "मावशी, पुढच्या बाजारापासून मी येत न्हाई." मी म्हटलं, "का गं?" ती माझ्याकडं बघेना. म्हणाली, "तुमच्याच पोरानं सांगितलं. लय सभ्यपणानं सांगितलं, हात जोडून. पण त्याच्या मागं पोरं उभी होती." मग बारीक आवाजात म्हणाली, "तुमी एक शब्द टाकून बघता का?" मी म्हटलं, "बघते." घरी आले, त्याला ताट वाढलं, भाकरीवर तूप घातलं, आणि एक शब्द टाकला नाही.

त्याच आठवड्यात मॅडमचा निरोप आला. पोरांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावरचं गोंदण वहीत काढून आणायचं, आणि जमेल त्यांनी ते माणूसच वर्गात आणायचं. नात म्हणाली, "येतीस?" माय, मी रात्रीच पातळ काढून ठेवलं. वर्गात शिरले तर चाळीस-पन्नास पोरं-पोरी उभी राहिली. माझ्यासाठी! मी दारात थबकले, वाटलं मागून साहेब येतोय कोणी. मॅडम चाळीशीच्या, साधी सुती साडी, केस आखूड. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पोरींमध्ये बाकावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "आज आजी शिकवणार, आपण ऐकायचं." पोरं मोबाईल धरून बसली. मॅडमनी विचारलं, "आजी, रेकॉर्ड केलं तर चालेल ना? अभ्यासाला लागतं." मी म्हटलं, "करा की," आणि पदर नीट केला.

मग त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत ती तुळस आहे ना, तू काढून घेतलेली, ती बघितली. नुसती बघितली नाही, पट्टी लावून मोजली. कपाळावरचे तीन टिपके बघितले.  मग पोरांना म्हणाल्या, "इथं या, बघा. बाकी आज्यांचं गोंदण बारीक, ठाशीव आहे, कारण त्यांना सात-आठ वर्षांच्या असताना गोंदवलं. ह्या आजींचं बघा कसं पसरलंय. रेघा फाटल्यात, तुळशीची पानं एकमेकांपासून लांब गेलीत. कातडीबरोबर गोंदण वाढलंय. हे फार लहानपणी केलेलं आहे, अगदी तान्हेपणी." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "असं कुणी करत नाही, आजी. तुमचंच का केलं?"

पंच्याहत्तर वर्षं माझ्या हातावर ते होतं. सासूनं बघितलं, मालकानं बघितलं, सुईणीनं बघितलं. कुणी विचारलं नाही. विचारलंच असतं तर तू शिकवलेलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, की माझ्या आधीचं लेकरू दगावलं, म्हणून मला खूण केली, म्हणजे मरण नाक मुरडून निघून जाईल. लोक तसं करायचे, कुणी नाक टोचायचं, कुणी दगडू-धोंडू नाव ठेवायचं. ते उत्तर मी द्यायला तोंड उघडलं. पण समोर पन्नास पोरं माझ्याकडं बघत होती, कुणी हसत नव्हतं, कुणी घाईत नव्हतं, आणि डोळ्यांपुढं ती पेटारा बांधणारी बाई होती. मी म्हटलं, "सांगते." आणि सांगितलं.

तू मला जसं सांगितलं होतंस तसंच सांगितलं. माझ्या हळदीच्या आदल्या दिवशीची दुपार आहे. चुलीवर कढई आहे, तू करंज्या लाटायलीस, मी भरायलेय. तू बाकीच्या बायांना पाण्याला, लाकडाला, कुठं कुठं धाडून दिलंस. मग म्हणालीस, "हातातलं ठेव. मी एकदाच सांगणार हाय. तू माझ्या पोटची न्हाईस." कढईतली करंजी जळायला लागली तरी मी बघतच बसले, तूच झाऱ्यानं ती काढलीस. पोलीस ॲक्शनचे, निजामाचं राज्य बुडालं ते दिवस होते. तू बाळंतपणाला माहेरी आली होतीस, चारठाण्याकडं. तुझी पोरगी नवव्या दिवशी गेली. घराला भिंत लागून मनियाराचं घर होतं, त्याच्या बायकोला सव्वा महिन्याची पोरगी होती. गावात धामधूम उसळली, मुसलमानांना घराबाहेर काढायला लागले. ती परसदारानं आली, फडक्यात गुंडाळलेलं लेकरू तुझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आमी ज्वारीतून लपत निघतो. ही रडली तर सगळे सापडू. दिवस मावळेपर्यंत सांभाळ, कुणाला तरी धाडते." दिवस मावळला. दुसरा मावळला. तू म्हणालीस, "माझ्या अंगाला दूध होतं, तू भुकेली होतीस, त्यात इचार कसला करायचा?" मग चार दिवसांनी कुणीतरी ओढ्याकडून आलं आणि काही सांगायला लागलं, तर तुझी माय उठून दार लावून आली. पुढचं तू ऐकलं नाहीस, म्हणून मलाही माहीत नाही.

सासरी परतायच्या आधी तू गोंदणारीण बोलावलीस. तिनं सुया खाली ठेवल्या, म्हणाली, "बाई, एवढ्या तान्ह्या जिवाला?" तू म्हणालीस, "कर. जेवढं मोठं बसतंय तेवढं कर." मुसलमानाच्या पोरीला कुणी गोंदत नाही, तेव्हा गोंदलेली पोरगी कुणाची असं कुणी विचारणार नाही, एवढा तुझा हिशेब. तू म्हणालीस, "तू रडलीस त्याहून मी जास्त रडले." मग पिठाचा हात पुढं केलास आणि माझा हात त्यावर ठेवून घेतलास. "नवऱ्याला न्हाई, सासूला न्हाई, पोटच्या लेकरालाबी न्हाई. तुझ्या बापाला मी सांगितलं न्हाई, तो तसाच गेला." तेव्हा मला सात वर्षांची असतानाची जत्रा आठवली. मी पळत जाऊन एका मनियारणीच्या मांडीवर बसले होते, नुसत्या तिच्या बांगड्या बघायला, आणि तू सगळ्या लोकांत मला थोबाडीत मारली होतीस. घरी येऊन त्याच गालाला लोणी लावलंस. का मारलंस आणि का लोणी लावलंस, दोन्ही त्या करंज्यांच्या दिवशी कळलं.

वर्गात मॅडमनी चष्मा काढून पुसला. एक पोरगी येऊन माझ्या पायाशीच बसली. आणि मला, माय, इतकं हलकं वाटलं की घरी जाताना गाडीत उभं राहावं लागलं तरी पाय दुखले नाहीत. नातीनं माझा हात कोपरापासून धरून ठेवला होता, अख्ख्या रस्त्यात सोडला नाही. शेवटी म्हणाली, "आजी, पप्पांना?" मी म्हटलं, "सांगू की. सवडीनं."

सवड मिळाली नाही. कुणा पोरानं तो व्हिडिओ कुणाला पाठवला, त्यानं आणखी कुणाला. मॅडमनी पोरांना बजावलं होतं म्हणे, पण मोबाईलला कोण बजावणार. पहिल्यांदा शेजारीण विरजण न्यायला आली नाही. ती रोज येते, वाटी उपडी घालून चार गोष्टी करून जाते. मग नळावर मी गेले की बाया घागरी उचलायच्या. एकजण म्हणाली, "काकू, तुमी आधी भरा," इतक्या गोडीनं म्हणाली की मी अर्धी घागर घेऊनच परतले. पोरं पारावर बसलेली असतात, ती मी गेले की गप्प होतात आणि मी पुढं गेले की हसतात. परवा सकाळी उठून बघते तर दारावरचा तो फ्लेक्स, वंशावळीचा, कोणीतरी मधून उभा फाडलेला. माझ्या मुलानं तो गुंडाळला आणि गोठ्यात नेऊन ठेवला. तेव्हा तो मला काही बोलला नाही. तेलाची बाटली खिडकीत होती तशीच राहिली.

काल दुपारी बोलला. जेवला नाही. माझ्यापुढं बसला आणि म्हणाला, "आई, तुला असं बोलायला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. माझं मीच बोलले."

"त्या मॅडमनं. तिनंच. पोरांच्या डोक्यात तसलंच भरती ती. तिचं पूर्ण नाव काय हाय?"

"नाव कशाला? आडनाव बघून जात काढायलास व्हय तिची?"

 त्यानं मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. म्हणाला, "फक्त एवढं म्हण, मला तसं बोलायला लावलं. मी म्हातारी हाय, मला समजलं न्हाई. दोन मिनिटांचं काम हाय. हे मी पाठवून दिलं की मिटलं."

"कुणाचं मिटलं?"

"आपल्या घराचं."

"आन तिच्या घराचं?"

त्यानं मोबाईल मांडीवर ठेवला. माय, तो पन्नाशीचा आहे, केस पिकलेत, पण मला एकदम त्याचं चार वर्षांचं तोंड दिसलं, गोवर आला होता तेव्हाचं. म्हणाला, "तुला कळत न्हाई आई. बाजारात मीच उभा ऱ्हाऊन त्या लोकांना उठवलंय. आता ती पोरं मला म्हणायलीत, तूच कोण हायस ते आधी सांग. उद्या अकराला आमी कॉलेजात जायलोत. मी पुढं न्हाई झालो तर ती आपल्या दारात येतेल. आपल्या पोरीनं ह्या गावात ऱ्हायचं हाय का न्हाई?"

मी म्हटलं, "धर मोबाईल." त्यानं धरला. मी पदर नीट केला आणि म्हटलं, "मॅडमनी मला काही शिकवलं न्हाई. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मला हे माझ्या मायनं सांगितलं, ती खोटं बोलणारी बाई नव्हती. मला जन्म देणारी मनियारीण होती आन वाढवणारी दुसरी होती, आन ह्यो माझा लेक हाय." तिथं त्यानं मोबाईल खाली केला. पुसून टाकलं असेल. उठला, चप्पल घालायची विसरून तसाच बाहेर गेला, भर उन्हात. नात भिंतीआड उभी होती. तिनं लगेच मॅडमना फोन लावला, सांगितलं, उद्या येऊ नका. मॅडम म्हणाल्या, "माझा तास आहे, मी येणार." मग मी म्हटलं, "मंग मीबी येणार."

साडेदहा झालेत. मगाशी मॅडम खाली येऊन गेल्या, माझ्याजवळ बसल्या. कपाळावर घाम होता पण आवाज नेहमीचा. म्हणाल्या, "आजी, माझ्यामुळं तुमच्या घरात हे झालं." मी म्हटलं, "तुमच्यामुळं न्हाई, बाई. घरात होतंच ते, तुमी पट्टी लावली एवढंच." त्या हसल्या. शिपायानं फाटकाचं एक दार लावून घेतलं आहे आणि त्यापाशीच उभा आहे, चहाबिहा आता विचारत नाही. पोरं वर्गाच्या खिडक्यांतून खाली बघतात. लिंबावर एकही पाखरू नाही, हे मला आत्ता दिसलं. मला भीती वाटते, नाही असं नाही, पण पोटात एक हौसही आहे. इतकी माणसं माझ्याकडं बघत असताना मी कधी उभी राहिले नव्हते, आणि आता दुसऱ्यांदा राहणार. असं वाटू नये, पण वाटतं.

हे पान मी फाडून कंबरेच्या पिशवीत घालणार आहे. नातीला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, मॅडमनाही नाही. तू त्या दिवशी, शेवटची करंजी सोडताना, त्या बाईचं नाव सांगितलं होतंस. एकदाच, कानाशी येऊन. लग्नानंतर तीन-चार वर्षं मी ते रोज मनात म्हणायची, दळताना, पाणी शेंदताना. मग लेकरं झाली, दोन गेली, हा एक राहिला, शेतातली कामं, सासऱ्यांचं अंथरूण. आणि एक दिवस म्हणायला गेले तर ते तिथं नव्हतं. वर्गात त्या पायाशी बसलेल्या पोरीनं विचारलं होतं, "आजी, त्यांचं नाव काय होतं?" मी मान ताठ करून म्हटलं, "ते सांगणार नाही." सगळ्यांना वाटलं, म्हातारी किती मान राखते त्या बाईचा. एका पोरीनं तर डोळे पुसले.

जीप आली. शिपाई दोन्ही हात पसरून उभा आहे. पुढच्या सीटवर तुझा नातू आहे, त्यानं मला बघितलंय, उतरत नाही अजून, नुसता बघतोय. उठते मी. ती कोण होती आणि मी तिची कोण, हे त्याच्या तोंडावर, सगळ्यांदेखत सांगीन. पण कुणी नाव विचारलंच तर पुन्हा सांगणार नाही असंच म्हणीन, माय. विसरले असं म्हणायची मला लाज वाटते.